सोलापूरच्या धुळीत वापरलेले दोन क्ले बार आणि एक क्ले मिट, आणि माझ्या मते कुठला घ्यावा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पांढऱ्या स्विफ्टच्या डिकीवर आणि मागच्या चाकांच्या वरच्या बाजूला बारीक बारीक नारिंगी ठिपके दिसायला लागले. मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक, चार पावलांवरून दिसत पण नाहीत, पण जवळ वाकून बघितलं की जीव खालीवर व्हायचा. गाडी २०१८ ची, एकदाही ठोकलेली नाही, मग एवढ्यात गंज कसा काय? एका गॅरेजवाल्याला दाखवली, त्याने बघितल्या बघितल्या सांगून टाकलं की आतून पत्रा सडायला लागलाय, आत्ताच डिकी आणि दोन्ही बाजू रंगवून घ्या, नंतर खर्च डबल होईल. आकडा ऐकून मी गुपचूप गाडी घरी आणली आणि दोन रात्री झोप लागली नाही, कारण कंपनीचा ओरिजिनल रंग एकदा गेला की परत तो तसा येत नाही हे मला माहिती होतं.

पत्रा सडलेला नव्हताच. ते ठिपके म्हणजे लोखंडाचे कण. मी कामासाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येजा करतो आणि गाडी दिवसदिवसभर स्टेशनजवळ उभी असते. रेल्वेची चाकं रुळावर घासतात, ब्रेक लागतात, आपल्या स्वतःच्या गाडीचे ब्रेक घासतात, त्यातून लोखंडाची भुकटी उडते, ती गरम असते आणि रंगाच्या वरच्या थरात रुतून बसते. मग दव, पाऊस, धुण्याचं पाणी लागलं की तो कण गंजतो आणि नारिंगी दिसतो. गंज त्या कणाला आहे, तुमच्या पत्र्याला नाही. पांढऱ्या गाडीवर चटकन दिसतो, बाकीच्या रंगांवर तितका दिसत नाही एवढंच, असतो सगळ्यांवर.

हे कळल्यावर क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, घ्यायचं ठरवलं आणि तिथून पुढे एका वर्षात तीन वेगवेगळ्या वस्तू घेऊन झाल्या, एक चूक झाली जी माझ्या दाजींच्या गाडीवर झाली आणि तिचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्याकडे सोलापुरात हा प्रकार फारसा कोणी वापरत नाही, ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारलं तर पॉलिशचा डबा काढून देतात, त्यामुळे घेताना काय बघायचं हे सांगणारं कोणी जवळ नसतं.

आधी एक गोष्ट करा, पैसे लागत नाहीत. गाडी शाम्पूने स्वच्छ धुवा, पुसा, आणि मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून, भाजीची साधी कॅरीबॅग चालेल, बॉनेटवरून बोटं हलकी फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. रंग स्वच्छ असेल तर बोट काचेवरून गेल्यासारखं जातं. नसेल तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं खरखर लागतं आणि आवाज पण येतो. माझ्या गाडीचं टप आणि बॉनेट दोन्ही असं लागलं की मला वाटलं धुतलीच नाही बहुतेक. दारांच्या वरच्या अर्ध्या भागाला मात्र काही नव्हतं. म्हणजे क्ले सगळ्या गाडीवर फिरवायची गरजच नसते, जिथे खरखर तिथेच फिरवायचा, हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर अर्धी मेहनत वाचली असती.

आपल्या गावात गाडीवर काय काय बसतं ते बघा. स्टेशनची भुकटी झाली. होटगी बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत, त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांच्या गाडीवर राखाडी थर असतो आणि त्यावर दव पडलं की तो पकडून बसतो. ऊसाचा सीझन चालू झाला की काळी राख उडते, ती खरं तर धुतली की जाते, पण लोक कोरड्या फडक्याने पुसतात आणि ओरखडे पाडून घेतात. लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली की चिकट बारीक थेंब. हायवेवर कुठे ना कुठे डांबराचं काम चालूच असतं, मग दारांच्या खाली काळे ठिपके. आणि माझ्याकडे आणखी एक भर पडली, आमच्या अपार्टमेंटच्या गेटला स्प्रे गनने रंग मारला तेव्हा कोणी सांगितलं पण नाही की गाड्या काढा, वारा होता, तीन गाड्यांच्या काचांवर आणि टपावर करड्या रंगाची बारीक शिंतोड उडाली. ती धुऊन जात नाही, घासून तर अजिबात जात नाही.

या सगळ्याला क्ले हे औषध नाही, हे पण लक्षात घ्या. डांबराला डांबर काढायचं लिक्विड. आमच्याकडे रॉकेल नाहीतर पेट्रोलचा बोळा फिरवायची पद्धत आहे, डांबर निघतं त्याने, पण पेट्रोल प्लास्टिकच्या भागांवर आणि आधी रंगवून घेतलेल्या पॅनलवर लागलं तर रंग मऊ पडू शकतो, म्हणून मी तो नाद सोडला. पक्ष्याची विष्ठा उन्हात वाळून रंगात खड्डा पडला असेल तर तो क्लेने जात नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नुसते वर असतील तर थोडे कमी होतात, आत खाल्लं असेल तर नाही. आणि गोल गोल जाळीसारखे जे ओरखडे उन्हात दिसतात ते तर क्लेने अजिबात जात नाहीत, उलट चुकीचा क्ले घेतला तर वाढतात. क्लेचं काम एकच, रंगाच्या वर डोकं काढून बसलेली घाण कापून उचलायची.

तो नेमका असतो काय, तर रबरासारखी लवचिक कृत्रिम माती आणि तिच्यात मिसळलेली अतिशय बारीक घासणारी पूड. ही कल्पना जपानमधली, १९९० च्या दशकात तिथून अमेरिकेत गेली. पूड किती भरड त्यावरून त्याचे ग्रेड ठरतात, फाइन, मिडियम, आणि हेवी किंवा अग्रेसिव्ह. निवडताना नव्वद टक्के गोष्ट ही आहे. ब्रँड नंतर, वजन नंतर, रंग तर बघूच नका, कारण एका कंपनीचा निळा फाइन असतो आणि दुसरीचा निळा मिडियम असतो, रंगावर काही नियम नाही. पाकिटावर ग्रेड लिहिलेला नसेल तर ते पाकीट ठेवून द्या.

मी नेमकं तेच केलं नाही. पहिला क्ले ऑनलाइन घेतला, नाव नसलेला, निळा, १०० ग्रॅम, तीनशेच्या आत. पाकिटावर फक्त मॅजिक अमुक तमुक असं इंग्रजीत, ग्रेड कुठेच नाही. हातात घेतला तर सुपारीसारखा कडक. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवला तेव्हा कुठे मळता आला. पांढऱ्या गाडीवर फिरवला, खरखर गेली, नारिंगी ठिपके पण बरेचसे गेले, मी एकदम खूश. पांढऱ्यावर बारीक ओरखडे दिसत नाहीत ना, त्यामुळे त्याने काय काय केलं ते मला दिसलंच नाही.

आणि मग दाजी आले. दाजींची गाडी काळी आय-ट्वेंटी, जिवापाड जपलेली, दर खंडेनवमीला स्वतः धुऊन झेंडूचा हार घालणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाहीत. माझ्या बॉनेटवरून हात फिरवून म्हणाले, "अरे काय गुळगुळीत झालीय, माझी पण करून दे की." मी म्हटलं, "दाजी, रविवारी सकाळी या, दोन तासात करून देतो." रविवारी बॉनेट अर्धं झालं, पुसलं, आणि ऊन वर आलं तसं त्या काळ्या रंगावर धुरकट पट्टा दिसायला लागला, जिथे जिथे क्ले फिरला होता तिथे तिथे चमक मेलेली. काचेवर तेलकट हात फिरवल्यावर जसं दिसतं ना तसं, पण पुसून जात नाही. दाजी काही बोलले नाहीत, बराच वेळ नुसते बघत उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "जाऊ दे रे, मुद्दाम थोडीच केलंस." ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला एका डिटेलिंगवाल्या, म्हणजे गाड्यांची बारीक सफाई आणि पॉलिश करणाऱ्या, अण्णांकडे गाडी घेऊन गेलो. त्यांनी टॉर्च लावून बघितलं आणि विचारलं, "क्ले कुठला वापरलात? ग्रेड काय?" मला सांगता आलं नाही. त्यांनी सांगितलं ते मी आता प्रत्येकाला सांगतो. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आपला डोक्याचा केस सत्तरच्या आसपास, म्हणजे केसापेक्षा पातळ थर आणि त्यावर तुम्ही भरड पूड घासताय. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांवर मिडियमच्या वर जायचंच नाही, आणि मिडियम वापरला तरी नंतर पॉलिश करायची तयारी ठेवायची. त्यांनी मशीनने बारीक पॉलिश मारून बॉनेट पूर्ववत करून दिलं, पैसे मी दिले, दाजींना देऊ दिले नाहीत. गाडी सुटली, पण प्रत्येक पॉलिशला त्या ४० मायक्रॉनमधला थोडा भाग जातोच, हे पण अण्णांनीच सांगितलं, म्हणून चूक दुरुस्त झाली असं मी म्हणत नाही.

त्यानंतर मेग्वायर्सचा स्मूथ सरफेस क्ले किट घेतला. महाग वाटतो, त्या निळ्याच्या कितीतरी पट, पण त्यात क्लेसोबत त्यांचाच क्विक डिटेलर स्प्रे (क्ले फिरवताना रंगावर मारायचा बुळबुळीत फवारा) आणि एक मायक्रोफायबर टॉवेल येतो. क्ले पाकिटातून काढल्यावरच मऊ. कणिक मळतो तसा दोन मिनिटं मळला आणि हाताच्या पंजाएवढी चपटी भाकरी थापली की तयार. याच्यात आणि निळ्यात फरक कसा कळतो सांगतो. निळा फिरवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताला तेवढाच अडकतो, म्हणजे घाण निघाली की नाही ते कळतच नाही. हा फाइन क्ले आधी चिकटल्यासारखा जड जातो, बारीक खसखस आवाज येतो, आणि चार पाच फेऱ्यांनंतर एकदम सुटतो, लोण्यावरून सुरी गेल्यासारखा. तो सुटला की थांबायचं. हा सुटण्याचा क्षण हाताला कळणं म्हणजेच चांगला क्ले, माझ्यासाठी तरी एवढीच व्याख्या आहे.

याची कमी बाजू पण सांगतो. फाइन असल्यामुळे गेटच्या रंगाची शिंतोड काढताना लै वेळ लागला, टपाच्या दीड फुटाच्या तुकड्याला वीस मिनिटं. तिथे मिडियमने पाच मिनिटात काम झालं असतं. पण मी वेळ दिला, कारण दाजींचं बॉनेट डोळ्यासमोर होतं. काचेवर मात्र बिनधास्त कडक क्ले चालतो, काचेला तो काही करत नाही, म्हणून तो जुना निळा मी फेकला नाही, डब्यावर मार्करने "फक्त काच" असं लिहून ठेवलाय. विंडशील्डला फिरवून बघा एकदा, वायपरची करकर निम्मी कमी होते.

किटमधला स्प्रे मात्र एका गाडीत निम्म्याच्या वर संपतो, आणि इथे लोक चुकतात, स्प्रे वाचवायला जातात. क्ले कोरड्यावर फिरवायचाच नाही, एक इंच पण नाही. क्ले आणि रंग यांच्या मध्ये कायम ओलसर बुळबुळीत थर पाहिजे, त्याच्यावरच तो तरंगत जातो, थर तुटला की क्ले रंगाला चिकटतो आणि ओरखडा. स्प्रे संपल्यावर मी एक लिटर पाण्यात एक झाकण कार शाम्पू टाकून स्प्रे बाटलीत भरतो, त्याने पण झकास काम होतं. भांड्याचं लिक्विड नको, त्याने गाडीवरचं वॅक्स, म्हणजे रंगावर लावलेला संरक्षक थर, निघतं. आणि पाणी बोअरचं नको. आपल्याकडे बोअरचं पाणी एवढं जड आहे की पाच मिनिटात पांढरे ठिपके उमटतात, मी घरातल्या फिल्टरचं पिण्याचं पाणी वापरतो, एक लिटरच तर लागतं. फिल्टरमधून बाहेर जाणारं वाया जाणारं पाणी वापरू नका, ते तर बोअरपेक्षा जड असतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात गाडीसाठी पाणी घालवायला जीव होत नाही हे मला मान्य आहे, पण या कामाला धुण्याच्या दोन बादल्या आणि हा लिटर, याच्यावर लागत नाही.

ऊन हा आपला खरा शत्रू. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला बॉनेटवर हात ठेवता येत नाही, त्यावर स्प्रे मारला की क्ले पोचेपर्यंत सुकलेला असतो. मी सकाळी सहाला सुरू करतो, सावलीत, आणि साडेआठच्या आत आवरतो. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग एका वेळी, भरपूर स्प्रे, हाताच्या वजनाशिवाय जोर नाही, सरळ पुढे मागे, गोल नाही. क्लेचा तोंडाचा भाग काळपट झाला की आत दुमडून नवीन भाग बाहेर काढायचा. पहिल्यांदा बघितलंत तर विश्वास बसणार नाही, नुकतीच धुतलेली पांढरी गाडी आणि क्लेवर तव्याच्या बुडासारखा काळा पट्टा. गाडी जुनी असेल, ज्या रंगावर क्लिअर कोटच नाही अशी, आणि क्लेला गाडीचाच रंग लागला तर घाबरू नका, तो वरचा मेलेला रंग असतो.

क्ले जमिनीवर पडला तर फेकायचा. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. धुऊन घेऊ, वरवर पुसू, असं काही नाही. आपल्या फरशीवरची, पार्किंगमधली कच एकदा त्यात रुतली की तो क्ले राहत नाही, पॉलिश पेपर होतो. माझा मेग्वायर्सचा पहिला तुकडा असाच हातातून सटकला आणि सरळ कचऱ्यात गेला. म्हणून आता सांगतो, बार आणला की सुरीने तीन चार तुकडे करा आणि एका वेळी एकच बाहेर काढा. पडला तर एक तुकडा जाईल, अख्खा बार नाही. थ्रीएमचा जो २०० ग्रॅमचा मोठा बार मिळतो तो ज्याच्या घरात दोन तीन गाड्या आहेत त्याला परवडेल, एका गाडीवाल्याला तो कित्येक वर्षं संपत नाही आणि नीट ठेवला नाही तर वाळून वाया जातो. एका हॅचबॅकला ५० ग्रॅमचा तुकडा पुष्कळ झाला.

ठेवायचा कसा, तर थोडा स्प्रे मारून झिपवाल्या पिशवीत, हवा काढून, घरातल्या कपाटात. गाडीच्या डिकीत ठेवू नका. माझ्या शेजाऱ्याने एप्रिलमध्ये ठेवला होता, च्युइंगमसारखा पिशवीला चिकटून बसला, निघालाच नाही.

तिसरी वस्तू म्हणजे क्ले मिट. हातमोज्यासारखा असतो, एका बाजूला क्लेसारखं काम करणारा रबरी थर. पडला तर धुऊन परत वापरता येतो, आणि वेग एकदम जास्त, अख्खी स्विफ्ट मी चाळीस मिनिटात केली. मोठ्या गाडीवाल्यांना, ज्यांच्या टपापर्यंत हात पोचायला स्टूल लागतं, त्यांना हा बरा. पण नवीन मिट थेट रंगावर फिरवू नका, आधी काचेवर दहा बारा वेळा फिरवून त्याची धार मारावी लागते. आणि माझी खरी तक्रार ही की बोटांना काही कळत नाही. क्ले हातात असला की कुठे खडा आहे, कुठे सुटला, सगळं समजतं, मिटमध्ये तो अंदाज जातो आणि माणूस विनाकारण जास्त घासतो. पांढरी, सिल्व्हर, करडी गाडी असेल तर मिट घ्या, चालेल. दाजींच्या गाडीला मी मिट लावणार नाही.

आता नारिंगी ठिपक्यांबद्दल, कारण सुरुवात तिथून झाली. ते काढायला क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं लिक्विड, मारा. गाडी थंड, सावलीत, फवारा मारला की एक दोन मिनिटात लोखंडाच्या प्रत्येक कणापासून जांभळा ओघळ खाली यायला लागतो. पांढऱ्या गाडीवर बघायला अंगावर काटा येतो, माझी मुलगी ओरडली, "बाबा, गाडीला रक्त आलंय!" वास सडक्या अंड्यासारखा, म्हणून मोकळ्या जागेत करा आणि हातात ग्लोव्हज घाला. वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवून टाकायचं. हे केल्यावर क्लेला कामच निम्मं उरतं, आणि जेवढा क्ले कमी फिरेल तेवढं रंगाला चांगलं. मी आता असं म्हणेन की स्टेशनजवळ, एमआयडीसीत रोज गाडी लावणाऱ्याचं बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी आयर्न रिमूव्हरच घ्या, क्ले पुढच्या महिन्यात.

क्ले झाल्यावर गाडी तशीच सोडू नका. क्ले घाणीबरोबर वरचं वॅक्स पण काढून नेतो, रंग उघडा पडतो, आणि आपल्या उन्हात उघडा रंग म्हणजे आमंत्रण. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम थर) लावा. कार्नौबा या नैसर्गिक वॅक्सची चमक सुंदर असते पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे दीड महिना पण टिकलं नाही, म्हणून मी सिंथेटिक सीलंटवर आलो. आणि पुसायला मायक्रोफायबरच. मी सोलापूरचा, आमच्या गावचा टेरी टॉवेल देशभर जातो, त्याला आणि चादरीला जीआय टॅग आहे, घरात चार टॉवेल आहेत ते पण इथलेच, तरी सांगतो की रंगावर तो टॉवेल वापरू नका. तो अंग पुसायला विणलाय, त्याचे सुती फासे धुळीचा कण धरून ओढत नेतात. चाकं, दारांच्या आतल्या फटी, इंजिनची बाजू यांना तो उत्तम, तिथे मी जुने टॉवेलच वापरतो.

ज्यांच्या गाडीला मॅट रंग आहे त्यांनी क्ले घेऊच नये, चकाकणारे डाग पडतील आणि ते परत मॅट होत नाहीत. सिरॅमिक कोटिंग केलेल्यांनी कोटिंगवाल्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि नवीन गाडी घेतलेल्यांनी असं धरू नका की आपली तर शोरूममधून आलीय. नव्या गाड्या यार्डात उघड्यावर उभ्या असतात, काही रेल्वेने येतात, पिशवी फिरवून बघा, बऱ्याचदा पहिल्या दिवशीच खरखर असते. पूजेच्या वेळी बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकू राहून डाग पडला असेल तर त्याच्यावर मात्र क्ले घासत बसू नका, डाग रंगात मुरलेला असतो, शाम्पू आणि ऊन यानेच तो हळूहळू फिका होतो. मी आता पूजेला कुंकू कागदाच्या तुकड्यावर काढून तो बॉनेटवर ठेवतो, आईने पण ते चालवून घेतलं.

किती वेळा करायचा, तर मी वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी. मध्ये फक्त पिशवीची परीक्षा. महिन्या महिन्याला क्ले फिरवणारे बघितलेत मी, गाडी गुळगुळीत राहते पण थर झिजतो.

सरळ सांगायचं तर पहिल्यांदा घेणाऱ्याने फाइन ग्रेडचा, पाकिटावर ग्रेड आणि कंपनीचं नाव स्पष्ट लिहिलेला, ५० ते १०० ग्रॅमचा क्ले घ्यावा. मेग्वायर्सच्या किटला मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा कापला तो स्प्रे कमी पडतो म्हणून. मिटला साडेतीन. त्या बिननावाच्या निळ्याला काचेसाठी दोन, रंगासाठी शून्य. ऑनलाइन घेताना पाकीट सीलबंद आहे का बघा आणि आल्या आल्या दाबून बघा, बोटाचा ठसा उमटला पाहिजे. उमटला नाही, कडक लागला, तर परत पाठवा.

यंदा दाजींना मी स्वतःहून फोन केला, म्हटलं या रविवारी गाडी घेऊन या, नवीन फाइन क्ले आहे, आधी डिकीच्या एका कोपऱ्यावर करून दाखवतो, तुम्हाला पटलं तरच पुढे. ते आले. कोपरा झाला, पुसला, टॉर्च मारून त्यांनी स्वतः बघितलं, दोन मिनिटं तिरकं वाकून, सगळ्या बाजूंनी. मग सरळ झाले आणि शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले, "दे इकडे तुकडा, डावी बाजू मी करतो."